डीटीपीवाल्याने मोडेम कुठला घ्यावा: आतलं कार्ड की बाहेरचा डबा?

ही गोष्ट डायल-अपच्या काळातली, मोडेम लावून फोनच्या लाइनवरून इंटरनेट घ्यायचो तेव्हाची. सांगलीत कुठल्याही दुकानात मोडेम मागा, आधी पीसीच्या आत बसणारं पीसीआय कार्डच पुढ्यात यायचं. किमतीत फरक एवढा, की एक्स्टर्नलचं, म्हणजे बाहेरच्या डब्याचं, नाव काढायला संकोच वाटायचा. दोन्ही व्ही.९० या एकाच मानकाचे, दोन्हींच्या खोक्यावर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट. आमच्या लाइनवर दोन्हीही तिथवर पोचत नव्हते, तेव्हा वेगाचं सोडूनच द्या.

प्रश्न होता राबतं कोण याचा. एक्स्टर्नलमध्ये लाइनवरचा सिग्नल उलगडणं, प्रतिध्वनी काढणं, चुका दुरुस्त करणं हे त्याची स्वतःची चिप करते. पीसीला मागच्या सिरियल (कॉम) पोर्टमधून तयार डेटा मिळतो. स्वस्तातल्या एचएसपी, म्हणजे पीसीच्याच जिवावर चालणाऱ्या, कार्डावर ती चिपच नसते. सगळं ड्रायव्हरमार्फत प्रोसेसरच्या गळ्यात, आणि तेही लाइन चालू आहे तोवर अखंड, तुम्ही काही डाउनलोड करा अगर नका करू.

माझं मशीन तेव्हा सेलेरॉन ४३३, म्हणजे स्वस्तातल्या प्रोसेसरचं. नुसती मेल बघताना कार्डाचा त्रास जाणवत नव्हता, हे मान्य. वैताग यायचा डिझाइनचं कोरलड्रॉ उघडलं की. लग्नपत्रिकेची नक्षी पडद्यावर रीड्रॉ व्हायला, म्हणजे पुन्हा रेखाटली जायला, लागली की माउस अडखळायचा, आणि रीड्रॉ लांबला तर लाइनच कट. कोल्हापूरच्या प्रेसला निघालेली अटॅचमेंट संपत आलेली असायची. मग मेल पहिल्यापासून, कॉलचा चार्जही नवा. समोर गिऱ्हाईक ‘अहो, नवरीचं नाव तेवढं बदला की’ म्हणतंय आणि आपण फाइल जाईपर्यंत हाताची घडी घालून बसायचं, हे मला काही जमेना.

एक्स्टर्नल लावल्यापासून त्याच मशीनवर मेल जाता जाता पत्रिका ओढायचो. मोजमाप केलेलं नाही. माउस अडखळत नव्हता एवढं खरं. लिनक्सवरही हा डबा निमूट चालायचा, एचएसपीसारख्या सॉफ्ट मोडेमचे ड्रायव्हर तिथे शोधत बसावे लागायचे. अडॅप्टर तापायचा, एक प्लग जास्तीचा अडायचा, टेबलावर वायरींचा गुंता व्हायचा. वळवाच्या विजांत मात्र आधी डबाच जळेल, मदरबोर्ड वाचायची आशा जास्त, असं मी धरून चालायचो.

तेव्हा पेंटियम थ्री, म्हणजे सेलेरॉनहून दमदार प्रोसेसर, असला आणि घरी फक्त मेल बघायची असली, तर कार्ड घेऊन उरलेल्या पैशांत रॅम वाढवणं बरं होतं. ल्युसेंट कंपनीच्या चिपचं कार्ड मिळालं तर अजून बरं; त्यात सिग्नलचं काम कार्डावरच व्हायचं, मोडेमला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरचं तेवढं प्रोसेसरकडे. पण सेलेरॉनवर धंदा चालवणाऱ्याने थोडं थांबून एक्स्टर्नलचे पैसे जमवावेत, असं आपलं माझं मत होतं. आणि घेण्याआधी पीसीच्या मागे वाकून एक कॉम पोर्ट मोकळा आहे ना ते बघावं लागायचं. सिरियल माउसने अडवलेला असायचा बऱ्याचदा.