इमॅजिका आणि जोडीला एक समुद्र: दिवाळी ते मे, चार खेपा, चार किनारे

खारघरला राहायला आल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो, आणि मला तो आवडतो. माझं माहेर जळगावचं. तिकडची मुलं सुट्टीत आली की दोनच गोष्टी मागतात: इमॅजिका थीम पार्क आणि समुद्र. गेल्या दिवाळीपासून या मेअखेरपर्यंत आम्ही ही जोडसहल चार वेळा केली. पार्क दर वेळी तोच होता, किनारा मात्र वेगळा. घरात सहा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. ज्यांच्याकडे अशीच लहान-मोठी माणसं आहेत त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं आणि नंतर शेजारी वॉटरपार्क आलं, हे बहुतेकांना माहीत आहे. खारघरहून एक्स्प्रेस वेने साधारण तासाभरात खोपोलीजवळ पोचता येतं. थोरल्याला नायट्रो ही मोठी रोलरकोस्टर हवी होती, धाकटीला टबी आणि हम्प्टी या लहान मुलांच्या राइडच पुरेशा होत्या. प्रत्येक राइडपाशी उंचीची पट्टी असते, म्हणून मुलांची उंची घरीच मोजा आणि कोणाला कुठे बसता येणार हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे रडारड होत नाही. सासूबाईंना 'मिस्टर इंडिया' राइड आणि संध्याकाळची परेड फार आवडली. पार्कबद्दल एवढंच. आमचं खरं शिक्षण दुसऱ्या दिवशी समुद्रावर झालं.

पहिल्या खेपेला धाकटी आदल्या दिवशी दोन तास वेव्ह पूलमध्ये खेळली होती. तिथे भोंगा वाजला की लाटा येतात, थोड्या वेळाने थांबतात. पाणी किती खोल ते भिंतीवर लिहिलेलं असतं आणि शिट्टी घेऊन माणूस उभा असतो. दुसऱ्या दिवशी अलिबागला पाण्यात पाय टाकल्यावर पाचव्या मिनिटाला तिने विचारलं, "आई, या लाटा बंद कधी करणार?" त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. पार्कमधून थेट किनाऱ्यावर आलेल्या मुलाची पाण्याची भीती गेलेली असते, पण पाण्याची ओळख झालेली नसते. म्हणून जोडीला किनारा निवडताना फोटो बघू नका. सपाट उताराचा, मुलाची एखादी चूक पोटात घालणारा किनारा निवडा, आणि तिथे कोणत्या वेळी उतरायचं ते निघण्याआधी ठरवा.

वेळेचं गणित मला आमच्या सासूबाईंनी शिकवलं. त्यांचं माहेर पेण तालुक्यातलं. त्यांच्या वडिलांचा हिशेब असा: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर भरती तीनला, अष्टमीला सहाला, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास बारा वाजता. त्यापासून सहा तास पुढे-मागे ओहोटी. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतोच, म्हणून मोबाइलवर त्या दिवशीची वेळ मी बघतेच. पण सुट्ट्यांचं कॅलेंडर समोर ठेवून महिनाभर आधी तारीख ठरवायची तर कालनिर्णय पुरतं.

हे आम्हाला पहिल्या खेपेला सुचलं नाही. दिवाळीत, भाऊबीजेनंतर पाच-सहा दिवसांनी, कार्तिक अष्टमीच्या आसपास आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पाचला पोचलो. मुलांना कुलाबा किल्ला दाखवायचा होता. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, हे मी त्यांना वाटेत तीन वेळा सांगितलं होतं. किल्ला समोर होता आणि मधे पाणी चढत होतं. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे आम्ही अगदी उलट्या वेळी गेलो होतो. शिवाय अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते, त्यामुळे ओहोटीलाही पाणी फारसं मागे जात नाही. किल्ल्यावर सावकाश जाऊन यायचं तर पौर्णिमा-अमावस्येच्या जवळचे दिवस बघा, कारण उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच लांब ओसरतं. त्या दिवसांत ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास असते, म्हणून अलिबागला मुक्काम करून पहाटे निघावं आणि पाणी वळायच्या आत परतावं. आत गोड्या पाण्याचं तळं आहे, गणपतीचं देऊळ आहे. मुलांना कान्होजी आंग्र्यांच्या गोष्टी सांगायला याहून चांगली जागा नाही.

त्याच खेपेला राहण्याची जागाही चुकली. जाहिरातीत 'बीचफ्रंट' लिहिलं होतं. प्रत्यक्षात समुद्र पाऊण किलोमीटरवर, मधे रहदारीचा रस्ता, आणि न्हाणीघरात खारट पाणी. ओली, वाळूने भरलेली सहा वर्षांची मुलगी कडेवर घेऊन पाऊण किलोमीटर चालून बघा. तेव्हापासून बुकिंगआधी मी फोनवर तीनच प्रश्न विचारते. मुक्कामाच्या वाडीतून पायी वाळूवर यायला किती मिनिटं, मधे रस्ता ओलांडावा लागतो का, आणि अंघोळीला विहिरीचं गोडं पाणी आहे का.

दुसरी खेप डिसेंबरअखेर. दादा, वहिनी आणि दोन भाचे आले होते. भाच्यांनी रीलमध्ये काशीद पाहिलं होतं, म्हणून काशीद. अलिबागपासून तिथे आणखी तीसेक किलोमीटर जावं लागतं. पार्कमध्ये दिवसभर उभं राहिलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी हा घाटवळणाचा रस्ता जड जातो. रेवदंड्याच्या पुढे पूल ओलांडला की खाडी, कोर्लईचा डोंगर आणि किनाऱ्याकडेने जाणारा रस्ता, हे सगळं डोळ्यांत साठवावं असं आहे, ते खरं. वाळूही पांढरी, स्वच्छ. पण उतार अलिबाग-आक्षीसारखा सपाट नाही, आणि लाट अगदी किनाऱ्याशी येऊन आदळते. मोठा भाचा गुडघाभर पाण्यात पाठमोरा उभा होता. एका लाटेने त्याचे पाय उचलले आणि परतीच्या पाण्याने त्याला चार हात आत नेलं. शहाळीवाल्या काकांनी हाक मारली म्हणून दादाने वळून पाहिलं आणि त्याला धरलं. सगळं दहा सेकंदांत झालं. ते काका नंतर म्हणाले, "ताई, पाणी उतरत असताना पोरांना आत सोडायचं नाय. ओहोटीचं पाणी आत ओढतं." वहिनी पुढचा तासभर बोलली नाही. काशीदला मी पुन्हा जाईन, पण मोठ्या माणसांबरोबर आणि वाळूवर बसायला. वेव्ह पूलमध्ये खेळून आलेल्या लहान मुलांना तिथे नेणार नाही.

तिसरी खेप फेब्रुवारीत, माघी पौर्णिमेला धरून, आक्षीला. ही आमच्या घरात सर्वांची लाडकी. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की पाचेक किलोमीटरवर आक्षी. सुरूचं बन, त्याच्या पलीकडे घट्ट काळपट वाळू, आणि उतार इतका कमी की पाणी कुठे सुरू होतं ते चालत जाऊन बघावं लागतं. पौर्णिमेला भरती दुपारी बाराला. ती वेळ आम्ही जेवणात आणि झोपेत काढली. चारनंतर बाहेर पडलो तेव्हा पाणी मागे सरकत होतं आणि मागे राहिली होती मैदानासारखी ओली, टणक वाळू. सासूबाई काठी न घेता अर्धा तास चालल्या. मऊ वाळूत त्यांचा पाय रुततो आणि गुडघा भरून येतो, या वाळूत तसं होत नाही. मुलांनी क्रिकेट खेळलं, खेकड्यांची बिळं शोधली. कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता, तो उडवायचा नाही असं धाकटीनेच भावाला बजावलं. पाणी उतरत होतं, म्हणून त्या संध्याकाळी घोट्याच्या वर पाण्यात कोणी गेलं नाही, आणि कोणाला त्याची उणीव वाटली नाही.

आक्षीला जाल तर गावातला शिलालेख बघा. शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. एक उभा दगड आहे, बघायला पाच मिनिटं लागतात. आपण बोलतो ती भाषा हजार वर्षांपूर्वी इथे कोणीतरी दगडात कोरली, हे थोरल्याला सांगताना माझाच आवाज बदलला. रात्री वाडीच्या मालकांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वर जाळ. शाकाहारी मडकं वेगळं लावायला सांगता येतं. पोपटी थंडीतच मिळते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतली सहल असेल तर जागा ठरवतानाच विचारून ठेवा.

चौथी खेप मेमध्ये, नागावला. आक्षीचाच किनारा दक्षिणेकडे नागावला जातो, पण नागावला गजबज जास्त. बनाना बोट, जेट स्की, घोडागाडी, भेळ, गोळा. मुलं पार्कच्या धुंदीत असतील तर त्यांना हे आवडतं. भाचे खूश होते. बोटीवर बसायचं तर लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा, आणि लहान मुलांना अंगापेक्षा मोठं जॅकेट देत असतील तर बसवू नका. मी धाकटीला बसू दिलं नाही, ती रडली, तरी दिलं नाही. यंदा तारीख मुद्दाम चतुर्थी-पंचमीची घेतली होती, म्हणजे सकाळी नऊ-दहाला ओहोटी. आठला वाळूवर पोचलो, पाणी वळेपर्यंत किल्ले बांधले, आणि पाणी हळूहळू चढायला लागल्यावर मोठ्यांनी हात धरून मुलांना गुडघाभर पाण्यात नेलं. साडेदहाला बाहेर. त्यानंतर मेमधली वाळू अनवाणी पायाला सोसत नाही. पायांना डांबराचे चिकट गोळे लागले होते. साबणाने निघत नाहीत, खोबरेल तेल चोळलं की निघतात. बाटली गाडीतच ठेवा.

गाडी मात्र वाळूवर नेऊ नका. ओहोटीला टणक वाटणारी वाळू भरतीला चाक धरून ठेवते. आमच्यासमोर एका कुटुंबाची गाडी दोर लावून ट्रॅक्टरने ओढावी लागली.

आता क्रमाबद्दल. आधी पार्क, मग समुद्र, यात मी बदल करणार नाही. पहिल्या खेपेला पार्क बंद झाल्यावर रात्रीच अलिबाग गाठायचा हट्ट केला आणि वडखळला गाड्यांच्या रांगेत मुलं उपाशी झोपली. आता रात्री खोपोलीच्या आसपास मुक्काम करतो आणि सकाळी पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेतो. तिथून वाकणला महामार्गाला लागून नागोठणे, वडखळमार्गे अलिबाग. वळसा पडतो, पण सासूबाईंचं देवदर्शन होतं, आणि आदल्या दिवशीच्या गोंगाटानंतर मुलंही शांत होतात. देवळाची घाई नसेल तर खोपोली-पेण रस्ता जवळचा. पेणला पोह्याचे पापड घ्यावेत, आणि उन्हाळ्यात परतताना अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळे गावांच्या बाजूला पांढऱ्या कांद्याच्या माळी. स्वतःची गाडी नसेल तर खोपोलीपर्यंत लोकल आहे. परतताना अलिबागहून पनवेलला एसटी मिळते.

ठाण्याहून येणाऱ्यांनी हे दोन रात्रींचं गणित धरावं, एका रात्रीत सगळ्यांची दमछाक होते. ज्यांना फक्त अर्धा दिवस आहे त्यांना उरणचं पीरवाडी जवळ पडतं, आता नेरूळ-बेलापूरहून उरणपर्यंत लोकलही जाते. पण तिथे खडक आहेत. सूर्यास्त बघायला चांगलं, मुलांना पाण्यात खेळवायला नाही. किहीमला आम्ही एकदा परतीच्या वाटेवर तासभर थांबलो. सावली छान, पण पाण्यात दगडगोटे आहेत, त्यामुळे सासूबाई गाडीतच बसून राहिल्या.

जून ते ऑगस्ट समुद्र नाही. खवळलेलं पाणी, निळ्या दोऱ्यांचे डंख मारणारे जेली फिश, बंद बोटी. पावसाळ्यात नुसतं पार्क करा आणि घरी या.

पुढची खेप दिवाळीतच. दादाला कळवलं आहे: भाऊबीज आमच्याकडे, तृतीयेला पार्क, चतुर्थीला रात्री आक्षीत मुक्काम आणि पंचमीला सकाळी दहाच्या ओहोटीला वाळूवर. सासूबाईंनी कालनिर्णयात त्या चौकोनाला लाल पेनाने गोल केला आहे आणि वाडीच्या मालकांना फोनही त्यांनीच लावला.