एका रकान्यात तीन माणसे: तबकड्यांच्या नोंदणीसाठी घेतलेल्या एका सेवेविषयी

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरात आजोबांनी जमविलेल्या सुमारे चारशे ग्रामोफोन तबकड्या, साठ-सत्तर एलपी (प्रत्येक बाजूला जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या) आणि वडिलांनी घेतलेल्या सीडी आहेत. त्यांची एकदाची व्यवस्थित सूची व्हावी म्हणून गेल्या वर्षी मी वार्षिक वर्गणी भरून एक तयार संगणकीय सेवा घेतली. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष तिच्या एकटीचे नाहीत. सूचीचे रकाने आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोणते संगीत होते, यातून ते आले आहेत.

सीडींच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा नाही. प्रत्येक गाणे तबकडीवर कोठे सुरू होते त्या आकड्यांवरून सीडीची ओळख पटते आणि गाण्यांची नावे आपोआप भरली जातात. वडिलांच्या सगळ्या सीडी दोन रविवारांत नोंदवून झाल्या.

अडचण सुरू झाली ती लाखेच्या, म्हणजे आजोबांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांपासून. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असते आणि दोन बाजूंचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. माझ्याकडील एका तबकडीच्या एका बाजूला नाट्यपद आहे, तर दुसऱ्या बाजूला ठुमरी. या सेवेत आपल्याला हवे ते नवे रकाने तयार करता येतात, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. परंतु ते सर्व तबकडीला जोडले जातात, बाजूला नाही. त्यामुळे ‘राग’ हा रकाना मी उत्साहाने तयार केला खरा, पण त्यात दोन्ही बाजूंचे राग स्वल्पविराम देऊन कोंबावे लागले. उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूला मारवा व दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी (इंदूरच्या रसिकाच्या घरी ती नसणे म्हणजे सकाळी पोहे नसणे) सूचीत ‘मारवा, दरबारी’ अशी एका जोडरागासारखी दिसते. तबकडीच्या मधल्या कागदाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तर प्रत्येक बाजूचा वेगळा असतो, आणि कोणते ध्वनिमुद्रण हातात आहे हे ओळखण्याचा तोच सर्वांत भरवशाचा पुरावा; त्यालाही येथे एकच चौकट आहे.

दुसरा दोष अधिक खोलवरचा आहे. ‘संगीतकार’ हा रकाना भरणे सक्तीचे आहे आणि त्यात एकच नाव बसते. ‘स्वयंवर’ नाटकातील पदांपुढे कोणाचे नाव लिहायचे? पदे काकासाहेब खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखले यांच्या, आणि १९१६ पासून ती पदे ज्या रूपात लोकांच्या कानांत बसली ते रूप बालगंधर्वांचे. ख्यालाचे तर आणखी निराळे; बंदिशीत सदारंग या जुन्या रचनाकाराची मुद्रा, म्हणजे शब्दांत गुंफलेले नाव, असली, तरी त्या तीन मिनिटांतील आलाप-ताना गायकाच्याच असतात. पदकर्ता, चाल देणारा आणि गायक असे तीन रकाने असते, तर हा पेच पडलाच नसता. म्युझिकब्रेन्झ या खुल्या कोशात रचना, तिचे ध्वनिमुद्रण आणि बाजारात आलेली तबकडी या तीन वेगळ्या नोंदी असतात आणि हिंदुस्थानी राग व ताल रचनेला जोडता येतात. तो आराखडा विनामूल्य पाहता येत असताना पैसे घेणाऱ्या सेवेने तो का अभ्यासू नये, हे मला कळले नाही.

नावांविषयी थोडे सांगतो. लेबलवर रोमन लिपीत ‘बरोडेकर’ वाचता येईल असे नाव असते आणि आपण बाईंना हिराबाई बडोदेकर म्हणतो. या सेवेत जसे लिहाल तसेच सापडते. म्हणून एकाच गायिकेच्या तबकड्या माझ्या सूचीत दोन ठिकाणी विभागल्या गेल्या आणि ते मला तीन महिन्यांनी उमगले. लेबलवर छापलेले नाव अक्षरशः उतरवून घेण्यासाठी एक रकाना आणि शोधण्यासाठी ठरविलेले प्रमाण नाव हा दुसरा, एवढी सोय पुरेशी होती. रागालाही हीच जोडी हवी, कारण लेबलवर छापलेला राग आणि प्रत्यक्ष ऐकू येणारा राग नेहमी जुळतोच असे नाही.

तारखेचा रकाना दिवस, महिना आणि वर्ष हे तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तबकडीवर बहुधा वर्षही छापलेले नसते. शेवटी मी अंदाजाचे वर्ष लिहून पुढे १ जानेवारी टाकत गेलो. माझ्या सूचीवर विश्वास ठेवायचा, तर जुन्या काळी सर्व गवई नववर्षाच्या दिवशीच गात असत. ‘१९३० च्या दशकात’ किंवा ‘सुमारे’ असे संगणकाला समजेल अशा रीतीने लिहिण्याचे संकेत तारखा लिहिण्यासाठीच्या आय.एस.ओ. ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या २०१९ च्या दुसऱ्या भागात ठरलेले आहेत, तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

गतीसाठी ३३, ४५ आणि ७८ असे तीनच पर्याय आहेत. आरंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत; ७८ ची तबकडी ७४ ने वाजविली, तर काळी एकमधला गायक जवळजवळ पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीवरील लगतच्या खालच्या पट्टीत, उतरतो. येथे आकडा लिहिण्याची मोकळीक हवी होती.

दूरध्वनीवर मदत करणारी मंडळी सौजन्याने बोलतात. बाजूनिहाय रकान्यांची सूचना त्यांनी दोनदा लिहून घेतली. अद्याप बदल झालेला नाही. सर्व नोंदी तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात, हे मात्र त्यांनी चांगले केले आहे. मी त्या तशा काढल्या, प्रत्येक बाजूला स्वतंत्र ओळ दिली आणि आता लाखेच्या तबकड्या त्या साध्या तक्त्यातच नोंदवतो. ज्यांचा संग्रह केवळ सीडींचा आहे त्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी. मीही मार्चमध्ये वर्गणी भरणार आहे, पण फक्त वडिलांच्या कपाटापुरती.