ड्रायव्हर फुकट मिळतो, मी त्याचे पैसे मोजले

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच आठवड्यात मी विंडोज ११ वर गेले. अपग्रेड सुरळीत पार पडलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि स्क्रीनवर सगळंच मोठं, पुसट दिसायला लागलं. दुसरा मॉनिटर तर चालूच होईना. मशीनच्या भागांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये माझ्या ग्राफिक्स कार्डाच्या (स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या भागाच्या) नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं लिहून आलं होतं.

आज मला माहीत आहे की याचा अर्थ कार्ड बिघडलं असा होत नाही. योग्य ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड वापरता यावं यासाठीचा प्रोग्राम, सापडला नाही की स्क्रीनवर निदान काहीतरी दिसावं म्हणून विंडोज हा साधा ड्रायव्हर लावतं. त्या दिवशी हे ठाऊक नव्हतं. दोन दिवसांत एक व्हिडिओ एडिट करून द्यायचा होता आणि मी घाबरले होते. मोबाइलवर कार्डाचं नाव आणि ‘ड्रायव्हर सपोर्ट’ असं टाकून शोधलं. पहिल्याच ओळीत कंपनीचं नाव आणि खाली फोन नंबर. त्या ओळीच्या वर बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असं लिहिलेलं होतं, तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

फोनवरचा माणूस अतिशय नम्रपणे बोलत होता. “मॅडम, काळजी करू नका, अपग्रेडनंतर हे सगळ्यांना होतंय,” असं म्हणून त्याने मला एक रिमोट प्रोग्राम उतरवायला लावला आणि त्यावर दिसणारा नंबर वाचून दाखवायला सांगितला. पुढच्या मिनिटाला माझा माउस त्याच्या हातात होता.

त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडली. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, पानंच्या पानं. “बघा, ड्रायव्हरमध्ये व्हायरस शिरलाय.” अशा नोंदी धडधाकट मशीनमध्येही शेकड्यांनी असतात. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी नोंद पडते. मग त्याने काळी खिडकी उघडून ‘ट्री’ ही कमांड दिली. ओळी सरसर वर जाऊ लागल्या आणि त्या थांबल्यावर सगळ्यात खाली ‘ड्रायव्हर एक्स्पायर्ड’ असं दिसलं. ती कमांड फक्त फोल्डरांची यादी दाखवते, शेवटची ओळ त्याने स्वतः टाइप केली होती. मी ती मशीननेच दिली असं समजले.

मग त्याने तीन वर्षांच्या ‘ड्रायव्हर लायसन्स’चे पैसे मागितले. बँकेच्या कार्डाचा नंबर मी त्याच स्क्रीनवर, तो बघत असताना भरला. ओटीपीही मीच टाकला.

यानंतर त्याने काम खरंच करून दिलं, म्हणूनच मला संशय आला नाही. ड्रायव्हर लागला, अक्षरं नीट झाली, दुसरा मॉनिटर उजळला. मी त्याचे मनापासून आभार मानले. हे लिहिताना अजूनही पोटात गोळा येतो.

आठवड्याने एका मैत्रिणीच्या मशीनला अगदी हाच त्रास झाला. तिने कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला. फुकट. मी लायसन्सचं बोलले तेव्हा ती लगेच घरी आली आणि टास्कबारच्या कोपऱ्यातल्या एका आयकॉनवर बोट ठेवून म्हणाली, “हे कसलं गं?” तोच रिमोट प्रोग्राम. मशीन सुरू झालं की तोही सुरू होत होता, आणि माझ्या परवानगीशिवाय आत येता यावं म्हणून त्यात कायमचा पासवर्ड घालून ठेवलेला होता. बँकेच्या ॲपमध्ये पाहिलं तर माझ्या कार्डावरून आणखी एक रक्कम गेली होती.

आम्ही आधी नेट तोडलं. बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदलले आणि माझ्या मशीनवरचं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. दुसरी रक्कम परत मिळाली. पहिली नाही, कारण ओटीपी मी दिला होता.

ड्रायव्हर लावायचं जे काम त्याने केलं ते तुम्हाला घरी करता येतं. स्क्रीन काळी पडली किंवा अडकली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. कार्ड कुठलं ते कळत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये जाऊन ‘हार्डवेअर आयडी’ पाहा. त्यात ‘व्हीईएन’ नंतर १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. त्या कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, जाहिरातीवरून जाऊ नका. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर पाहा. नवा ड्रायव्हर टाकल्यावर बिघाड झाला, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने जुन्यावर परत जाता येतं. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट’ म्हणणाऱ्या प्रोग्रामांची गरजच पडत नाही.

जुनं कार्ड असणाऱ्यांनी विशेष जपा. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी ऑक्टोबर २०२५ नंतर फक्त सुरक्षेचे अपडेट येणार आहेत, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. “तुमच्या कार्डाचा खास ड्रायव्हर फक्त आमच्याकडे आहे” असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. पूर्वीचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर तसेच ठेवलेले असतात. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

त्या जाहिरातीची तक्रार मी केली होती. काल पुन्हा तेच शब्द टाकून शोधलं. पहिल्या ओळीत तीच जाहिरात आहे, फक्त नंबर बदललाय.