फोर्ड ८एन साध्या पेट्रोलवर : पूर्ण हंगामाचा अनुभव

मिशिगनमध्ये आमच्या जागेवर १९५१ चा फोर्ड ८एन ट्रॅक्टर आहे. गवत कापायचं, लाकडं ओढायची, थंडीत बर्फ लोटायचा, एवढी त्याची कामं. आधीचे मालक निक्षून सांगून गेले होते, जुनं इंजिन आहे, ९३ ऑक्टेनचं महागडं पेट्रोलच घाला. एप्रिलपासून मी पंपावरचं सगळ्यात स्वस्त ८७ चं घालतोय. आता डिसेंबर आला. गॅलनमागे पाऊण-एक डॉलर वाचतोय, आणि इंजिनाच्या चालीत काडीचाही फरक नाही.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली अवेळी पेट न घेण्याचा गुण. ८एनचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते) ७ ला १ सुद्धा नाही, आजच्या बहुतेक गाड्यांचं १० च्या आसपास किंवा वर असतं. दाब कमी, म्हणून कमी ऑक्टेनही पुरतं. ते इंजिन बनलं तेव्हाचं साधं पेट्रोलही ८७ च्या खालचंच होतं. (अमेरिकेत हा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात, इथलं ८७ म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीने साधारण ९१ धरा.) जुलैच्या उन्हात कमरेएवढ्या गवतात पूर्ण लोडवर चालवला, नॉकिंग (अवेळी पेट घेतल्याची खटखट) कधी ऐकू आलं नाही.

आताच्या पेट्रोलमध्ये पूर्वीसारखं शिसं नसल्याने व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतात त्या कडा) झिजतात, हे काही इंजिनांबाबत खरं आहे, विशेषतः मऊ सीट आणि सतत जड काम असेल तर. पण ९३ मध्येही शिसं नसतंच, मग महागडं घालून काय साधणार? हंगामानंतर कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडर सारखे.

जपायचं ते इथेनॉलला, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या अल्कोहोलला. इथे पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये ते साधारण १० टक्के असतं. टाकीतला जुना चिकटा सुटून सुरुवातीला टाकीखालच्या काचेच्या वाटीत गाळ भराभर साठला, वाटी वरचेवर धुवावी लागली. पाणीही ते ओढून घेतं, म्हणून टाकी अर्धी ठेवून महिनोन्‌महिने उभा करू नका. लांब उभा करायचा तर शेवटची टाकी बिनइथेनॉलची भरा, पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल कितीही स्वस्त दिसलं तरी घालू नका. त्याला इथे फक्त २००१ आणि नंतरच्या गाड्यांसाठी परवानगी आहे, ट्रॅक्टरसाठी नाही.

वाचलेल्या पैशांत मी प्लग, इग्निशनचे पॉइंट आणि बॅटरीच्या जाड केबल बदलल्या. सहा व्होल्टवर गार सकाळी तो आता पटकन सुरू होतो, ते त्यांच्यामुळे.