होडीचा तळ धुण्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड की ऑक्झॅलिक ॲसिड?

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नवी मुंबईतील दिवाळे किंवा सारसोळे येथे फायबरच्या होड्या काठावर ओढल्या की तळ साफ करण्याचे काम निघते आणि कोणते ॲसिड आणावे, हा प्रश्न पडतो. माझे मत ऑक्झॅलिकच्या बाजूने आहे.

हायड्रोक्लोरिकचा जोर मोठा आहे, हे मान्य करावे लागते. बार्नेकलचे, म्हणजे होडीच्या तळाला घट्ट चिकटणाऱ्या छोट्या समुद्री जीवाचे, कवच चुन्याचे असल्यामुळे ते या ॲसिडने फसफसून विरघळते. मात्र त्याची वाफ डोळ्यांना व घशाला झोंबते आणि कापडी मास्कने ती अडत नाही. शिवाय हे ॲसिड ॲल्युमिनियमला किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाला लागले, तर एका ठिणगीने पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो.

ऑक्झॅलिकची भुकटी गंजाचे तांबूस डाग उत्तम काढते, परंतु बार्नेकलवर ती फारशी चालत नाही. त्यासाठी होडी ओढल्याबरोबर, तळ ओला असतानाच, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने कवचे खरवडावीत. मेहनत वाढते, पण छाती वाचते. ही भुकटीही विषारीच आहे, पोटात गेल्यास मूत्रपिंडांना इजा करते, म्हणून तिचे द्रावण पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही ठेवू नये.

एका बाबतीत मात्र दोन्ही सारखीच घातक आहेत. मासळीचा वास जावा म्हणून होडीतील मासळी ठेवायचे खण ब्लीचने धुतात. त्यावर यांपैकी कोणतेही ॲसिड पडले तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खणाच्या तळाशी साचतो, जिथे माणूस वाकून घासत असतो. असा माणूस आत कोसळला तर घाईने त्याच्यामागे उतरणारा दुसराही सापडतो, म्हणून आधी १०८ला फोन करून मदत बोलवावी. ब्लीच आणि ॲसिड एकाच दिवशी होडीवर आणूच नये, असे मी आग्रहाने सांगेन.

खरवडल्यानंतर उरलेल्या चुन्याच्या कड्यांपुरते हायड्रोक्लोरिक वापरायचेच असेल, तर केवळ बाहेरच्या बाजूने, उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, रबरी हातमोजे आणि बंद चष्मा घालून वापरावे. ॲसिड पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. डोळ्यात थेंब उडाल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे; तेवढे गोडे पाणी काम सुरू करण्यापूर्वीच जवळ भरून ठेवावे.