सावलीतला चेहरा उजळताना: डार्कटेबलमधील टोन इक्वलायझर

खिडकीला पाठ करून बसलेल्या आजीच्या फोटोत खिडकीबाहेरचे आभाळ स्वच्छ उतरले होते आणि तिचा चेहरा मात्र काळोखात गेला होता. असे फोटो सुधारण्यासाठी मी डार्कटेबल या फोटो संपादनाच्या विनामूल्य आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील टोन इक्वलायझर हे मॉड्यूल वापरते. या एका कामासाठी याहून भरवशाचे साधन मला अद्याप सापडलेले नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून हे मॉड्यूल उपलब्ध आहे. त्यात काळ्याकुट्ट भागापासून लख्ख भागापर्यंतचा पल्ला एकेका स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) अंतराने नऊ पायऱ्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक पायरी दोन स्टॉपपर्यंत वर किंवा खाली नेता येते. साध्या कर्व्हने, म्हणजे संपूर्ण चित्राचा उजेड बदलणाऱ्या वक्ररेषेने, सावली उचलली, की चेहऱ्यावरचे उठाव सपाट होऊन त्वचा राखाडी दिसू लागते. येथे मात्र सॉफ्टवेअर आधी चित्राचा एक मऊ मास्क, म्हणजे कोणता भाग किती उजळ आहे याचा धूसर नकाशा, तयार करते आणि सावलीचा सलग भाग एकत्रितपणे उजळते, त्यामुळे सुरकुत्या, पापण्या आणि केस यांच्यातला आपापसांतला फरक टिकून राहतो. मला सर्वाधिक आवडते ती याची हाताळणी: चित्रावर जेथे अंधार वाटतो तेथे कर्सर न्यावा आणि माउसचे चाक फिरवावे, तेवढ्याच उजेडाच्या पायरीत बदल होतो.

मास्क मात्र एकदा उघडून पाहिलाच पाहिजे. तो नऊ पायऱ्यांवर नीट पसरलेला नसेल, तर मास्किंगच्या टॅबमध्ये त्याचे एक्स्पोजर आणि कॉन्ट्रास्ट जुळवून घ्यावे लागतात. हे काम गाळल्यास डोक्याभोवती प्रभावळीसारखी फिकट कड उमटू शकते. नवख्याला हा भाग अवघड जातो, हे मान्य करायला हवे.

कोणतेही सॉफ्टवेअर सेन्सरने न टिपलेला प्रकाश निर्माण करू शकत नाही. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलमध्ये, उजेडाच्या १६,३८४ पातळ्या असतात. त्यांपैकी निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला जातात आणि सहाव्या स्टॉपपर्यंत उतरेतो केवळ २५६ उरतात. शिवाय जेथे १०० फोटॉन (प्रकाशाचे कण) पोहोचतात तेथे चढउतार सुमारे १० फोटॉनांचा, म्हणजे दहा टक्के असतो, तर १०,००० फोटॉनांच्या ठिकाणी तो एकच टक्का असतो. सावली उचलताच दाणे उठून दिसतात ते यामुळेच, म्हणून मी जोडीला नॉइज, म्हणजे हे दाणे, कमी करणारे मॉड्यूल वापरते. ८ बिटच्या जेपेगमधून फार अपेक्षा ठेवू नये.

आजीच्या फोटोत मी दीड स्टॉपवर थांबले. डोळे स्पष्ट दिसू लागले, गालावरची रेषा परतली आणि तिच्या खुर्चीखालचा अंधार मी होता तसाच राहू दिला.