बिगिनर हॉर्स रायडिंग बॅच, पुण्याजवळचा क्लब : जरूर जा, पण घाई नको

माथेरानला नाहीतर वेण्णा लेकला घोड्यावर बसून राऊंड मारलाय म्हणजे आपल्याला रायडिंग येतं असं वाटत असेल तर इथे आल्यावर समजतं की तिथे घोडेवालाच सगळं करत होता. इथे पहिल्या लेसनला लगाम हातात देतच नाहीत. सर मधे उभे राहतात, घोडा लांब दोरीवर त्यांच्याभोवती गोल फिरतो आणि आपण फक्त नीट बसायला शिकायचं, नजर समोर, टाच खाली. काही जणांना हे बोअर होतं, पण मला हीच पद्धत बरोबर वाटते कारण तोल जमायच्या आधी लगाम दिली की माणूस तिलाच लटकतो आणि ओढ बसते ती घोड्याच्या तोंडाला.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे तबेल्यातलं काम पण शिकवतात. खरारा (घोड्याचं अंग घासून साफ करणं) कसा करायचा, खूर कसा उचलायचा, आतली माती नि खडे हुकने टाचेकडून पुढे काढायचे आणि मधला त्रिकोणी मऊ भाग सांभाळायचा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात, म्हणून थोडं चालवून तो परत तपासायचा, नाहीतर चढताना खोगीर सरकतं. मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) काका हे इतक्या मायेने दाखवतात की विचारू नका. घोडे पण तब्येतीने छान, पाठीवर जखमा नाहीत, पाणी स्वच्छ. कुठल्याही क्लबला गेलात तर आधी हेच बघा, ऑफिसची चकाचक टाइल्स नंतर.

दुडकीला, म्हणजे घोड्याच्या हलक्या धावेला (ट्रॉट), मात्र वेळ लागतो बरं का. गोलात फिरताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की बसायचं, आणि उठायचं म्हणजे रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) उभं राहायचं नाही, घोडाच उचलतो तेवढंच उठायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समधे आपल्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करून घ्यायचा खेळ) टीमने गोल्ड आणलं, मुंबईचा हृदय छेडा होता त्यात, त्या लेव्हलच्या रायडिंगचा पाया पण हाच तोल आहे, त्यामुळे मुलांना घेऊन येणाऱ्या आईबाबांनी "पळवायला कधी शिकवणार" असं सारखं विचारू नये असं मनापासून वाटतं.

फी स्वस्त नाही. वीकेंडला गर्दी असते, मग सरांचं लक्ष वाटलं जातं, जमलं तर मधल्या वारी सकाळी जा, ऊन पण लागत नाही. हेल्मेट क्लबचं मिळतं, पण डोकं हलवल्यावर हलत असेल तर सरळ दुसरं मागा. जाड शिवणीची जीन्स नको, आतून सोलवटतं. बूट थोड्या टाचेचे हवेत म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. गाजर न्यायचं असेल तर आधी विचारून न्या आणि तळहात सपाट ठेवून द्या.